मंगल कार्यालयातलं मेडिकल

निलगिरीच्या तेलाचा वास आणि नुकत्याच तोडलेल्या निलगिरीच्या फांदीचा वास यांत फरक असतो. बाटलीतला वास नाकातून थेट कपाळात जातो. फांदीचा वास आधी ओला, हिरवा, थोडासा तुरट येतो आणि मग त्याच्या पाठीमागून तो बाटलीतला वास हळूच पुढे होतो. बाटली आमच्या दुकानात बारा महिने असते. फांदी मात्र मे संपता संपता येते. विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या छाटायला माणसं येतात, लोणावळ्याजवळच्या आमच्या औंढ्याच्या रस्त्यावर दिवसभर कुऱ्हाडी आणि करवती चालतात आणि दुपारी वारा फिरला की तो वास काउंटरपर्यंत पोचतो.

यंदाही पोचला. मी खोकल्याच्या औषधाचा खोका फोडत होते. अब्बा आतल्या खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, बाहेर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हसले. दोघांनाही तोच जून आठवला होता. सगळ्या जगानं तोंडाला मास्क बांधला होता, त्या वर्षीचा जून. त्या महिन्यात चक्रीवादळ आलं आणि आमचं दुकान मोडलं. दुकान मोडलेल्या माणसांनी ते वादळ आठवून हसावं, हे कुणाला विचित्र वाटेल. वाटू दे. त्या पावसाळ्याइतका मजेचा पावसाळा आमच्या घरानं पुन्हा पाहिलेला नाही.

आमचं दुकान म्हणजे रस्त्याकडेचा एक गाळा. भिंती विटांच्या, वर पत्रा, पुढे शटर आणि मागच्या अंगाला घर. अब्बांनी तरुणपणी लोणावळ्यात एका औषधाच्या दुकानात नोकरी केली आणि पुढे गावात स्वतःचं दुकान टाकलं. आधी फार्मासिस्ट ठेवला होता. मी डिप्लोमा पूर्ण केल्यावर ती खुर्ची माझ्याकडे आली. अब्बांना गावात सगळे मेडिकलवाले चाचा म्हणतात आणि मी चाचांची यास्मीन.

औषधाचं दुकान हे इतर दुकानांसारखं नसतं, हे मला काउंटरवर उभी राहायला लागल्यावर कळलं. किराण्याच्या दुकानात माणूस हवं ते मोठ्यानं मागतो. आमच्याकडे कितीतरी जण बाजूला उभे राहतात, भिंतीवरचं कॅलेंडर बघतात, बाकीची गिऱ्हाइकं जायची वाट पाहतात. मग पुढे येऊन हळू आवाजात बोलतात. गावात कुणाला काय झालंय हे आम्हा दोघांना ठाऊक असतं आणि ते दुकानाबाहेर जात नाही. अब्बांनी मला धंद्यातलं जे काही शिकवलं, त्यात हे पहिलं.

सुनंदामावशी अशाच थांबणाऱ्यांतल्या. रस्त्यापलीकडे त्यांची भातशेती. त्यांना साखरेचा त्रास आहे आणि स्वतःचं इन्सुलिन त्या चार माणसांत बिनधास्त मागायच्या. पण त्यांची मुलगी प्राजक्ता, तिची गोळी मागायची असली की सगळे जाईपर्यंत ओट्यावर बसून राहायच्या. मग आत डोकावून म्हणायच्या, "पोरीचं ते." प्राजक्ताला लहानपणी फिट यायच्या. रोज गोळी घेतली की येत नसत आणि कितीतरी वर्षांत आलीही नव्हती. लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात ती पॅकिंगला जायची, हसरी, कामाला वाघ. पण गावात कळलं तर लग्न जमायचं नाही, ही मावशींची धास्ती. मी ती पट्टी कागदात गुंडाळून द्यायची आणि मावशी ती पदराखाली धरून न्यायच्या.

तर तो जून.

वादळ येणार हे टीव्हीवर सांगत होते, पण आम्हाला वाटलं, समुद्रावरचं वादळ घाट चढून कशाला येतंय. सकाळी आभाळ राखाडी होतं आणि वारा नव्हता. जेवणाच्या वेळेला लोहगडाकडची बाजू काळी झाली आणि मग वारा आला. आमच्याकडे पावसाळ्यात वारा असतोच, पण तो पावसाला घेऊन येतो आणि त्याच्याबरोबर जातो. हा तसा नव्हता. हा एका जागी उभा राहून सगळं हलवत होता. अब्बांनी शटर ओढलं, कुलूप लावलं आणि आम्ही मागे घरात गेलो. अम्मी दाराला पाठ लावून बसली. बाहेर निलगिरी मोडत होत्या. त्यांचा आवाज फटाक्यासारखा नसतो, आधी लांबलचक करकर होते आणि मग जमिनीतून धक्का येतो. मध्येच डोक्यावर, म्हणजे दुकानाच्या बाजूला, कुणीतरी मोठी परात फरफटत न्यावी तसा आवाज झाला. अब्बा म्हणाले, "गेला." पत्रा गेला होता.

वारा संध्याकाळच्या आत शांत झाला. आम्ही शटर उघडलं तेव्हा दुकानात इतका उजेड होता की आधी तेच नवल वाटलं. वर नुसतं आभाळ. पाऊस रॅकवर, काउंटरवर, खोक्यांवर सारखा पडत होता. पुठ्ठ्याचे खोके फुगून फाटले होते. गोळ्यांच्या पट्ट्या पाण्यात तरंगत होत्या. सिरपच्या बाटल्यांवरची लेबलं सुटून भिंतीला चिकटली होती. सगळ्यांत वरच्या फळीवर मोठ्या माणसांचे डायपर आणि कापसाचे गठ्ठे होते. त्यांनी पोटभर पाणी पिऊन घेतलं होतं आणि एकेक डायपर उशीएवढा झाला होता. त्यांच्यामुळे त्या रॅकच्या खालच्या दोन फळ्या कोरड्या राहिल्या. अम्मीनं ते बघितलं आणि तिला हसू फुटलं. मलाही आलं. अब्बा हसले नाहीत.

ते एका उलट्या क्रेटवर बसले. पावसात, तसेच. मी त्यांना आत चला म्हटलं तर म्हणाले, "यास्मीन, बस झालं. आता माझ्याच्यानं पुन्हा मांडणं होणार नाही." आवाज चढवून नाही, रडूनही नाही. ज्या आवाजात ते गिऱ्हाइकाला एखादं औषध आता येत नाही असं सांगायचे, त्याच आवाजात. मला त्या क्षणी जेवढी भीती वाटली, तेवढी वादळात वाटली नव्हती.

फ्रिज बंद पडला होता, कारण रस्त्यावरचे विजेचे खांब आडवे झाले होते. त्यातलं इन्सुलिन मी प्लास्टिकच्या डब्यात भरलं, झाकण घट्ट लावलं आणि अम्मीनं पिण्याच्या पाण्याचा माठ रिकामा करून दिला. डबा माठात, माठाला ओलं फडकं, आणि माठ घरातल्या सगळ्यांत थंड कोपऱ्यात. बाहेर पाऊस, हवा गार, त्यामुळे इन्सुलिन तसं टिकणार होतं. आम्ही मात्र पुढचे काही दिवस कोमट पाणी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडू घेऊन पुढे आले आणि थबकले. टाळेबंदी होती म्हणून आम्ही दुकानापुढे चुन्यानं गोल आखले होते, माणसांनी अंतर ठेवून उभं राहावं म्हणून. ते गोल रात्रीच्या पावसानं धुऊन गेले होते. तरीही माणसं आली होती आणि बरोबर जिथं गोल असायचे तिथंच उभी होती. छत्र्या, घोंगड्या, डोक्यावर प्लास्टिकच्या गोण्या. समोर छप्पर नसलेलं दुकान आणि माणसं रांगेत. त्यांच्या घरांचंही बरंच काही गेलं होतं. कुणी तक्रार करत नव्हतं, कुणी घाई करत नव्हतं. मी अब्बांना हाक मारली. ते दारात येऊन उभे राहिले, बराच वेळ त्या रांगेकडे बघत राहिले. मग आत गेले, शर्ट बदलला, केस विंचरले आणि येऊन म्हणाले, "कोरडं काय काय राहिलंय ते बघ आधी."

कोरडं फार नव्हतं. आणि ओलं द्यायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. त्यावरून थोडी कुरबुर झाली. लोकांना दिसत होतं की पट्टीचा चांदीचा कागद फाटलेला नाही, मग गोळी आत ठणठणीत असणार. मला सांगावं लागत होतं की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात, की नाव आणि तारीख पुसली गेली तर कुठली गोळी कशाची हेच कळत नाही, की भिजलेलं औषध काम करेल किंवा करणार नाही आणि ते कळायला माणूसच पणाला लावावा लागेल. ते सगळं आम्ही गोण्यांत भरून, तोंड शिवून, वेगळं ठेवलं. ओढ्यात टाकायचं नाही, जाळायचं नाही. अब्बा एकेक पट्टी गोणीत टाकताना तिचं नाव पुटपुटत होते, जणू कुणाला निरोप देत होते.

रांगेत बबनभाऊ होते. बबनभाऊंचं रस्त्याला लागून मंगल कार्यालय आहे, पक्क्या स्लॅबचं, गुलाबी रंगाचं, पुढे कमान. त्यांनी आपल्या जमिनीवर ते मोठ्या हौसेनं बांधलं आणि नेमकी पहिलीच लग्नसराई टाळेबंदीत गेली. एकही लग्न लागलं नाही. माणूस खचला होता, ब्लडप्रेशरची गोळी आमच्याकडूनच सुरू झाली होती. ते त्या सकाळी गोळीसाठीच आले होते. दुकान बघून ते अब्बांना म्हणाले, "चाचा, माझा हॉल रिकामा पडलाय. स्टेज हाय, खुर्च्या हायेत, जनरेटर हाय. तुमी तितं मांडा. कुनाचं तरी काम होऊं द्या त्या हॉलमदी."

परवाना गाळ्याच्या पत्त्यावर असतो, दुकान असं उचलून दुसरीकडे नेता येत नाही. मोबाइलला रेंज नव्हती. मी एक्सप्रेस हायवेच्या पुलापर्यंत चालत गेले, तिथं एका टोकाला उभं राहिलं की रेंज यायची, आणि औषध निरीक्षकांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फ्रिजचं विचारलं, भिजलेल्या मालाचं काय केलं ते विचारलं. मग तात्पुरती परवानगी मिळेल, अर्ज पाठवा, तुम्ही स्वतः तिथं हजर राहा आणि भिजलेलं काहीही विकू नका, असं सांगितलं. शेवटी म्हणाले, लोकांना औषधं मिळू द्या. पुलावर पाऊस आडवा लागत होता आणि मी फोन ओढणीखाली धरून मोठमोठ्यानं आभार मानत होते.

त्याच दुपारी गावानं आमचं दुकान उचललं. वापरण्याजोगे रॅक चौघांनी खांद्यावर घेतले. फ्रिज बबनभाऊंच्या पिकअपमधून गेला. त्या गाडीला आदल्या वर्षीच्या कुठल्या तरी लग्नाच्या प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा अजून बांधलेल्या होत्या आणि दर्शनी भागावर शुभविवाह अशी पाटी होती. अम्मी माठ मांडीवर घेऊन पुढे बसली. फ्रिज नवरीच्या खोलीत, मोठ्या आरशापुढे ठेवला. रॅक स्टेजवर, जिथं फुलांची सजावट करतात तिथं. स्टेजवर बसायला दुसरं काही नव्हतं, लाल मखमलीच्या दोन खुर्च्या होत्या, सिंहाच्या तोंडाचे हात असलेल्या, नवरानवरीच्या. अब्बा आधी बसायला तयार होईनात. मग पाय दुखायला लागले आणि बसले. नवऱ्याच्या खुर्चीत बसून ते समोर आलेल्या माणसाला गोळी सकाळी घ्यायची की जेवणानंतर ते सांगू लागले. खाली प्लास्टिकच्या खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या आणि माणसं पाहुण्यांसारखी शिस्तीत बसली होती. एक आजी म्हणाल्या, आता अक्षता कधी टाकायच्या तेवढं सांगा.

त्याच पहिल्या दिवशी ती गोष्ट झाली.

सुनंदामावशी प्राजक्ताला घेऊन आल्या होत्या. माठातून काढलेलं इन्सुलिन मी त्यांना दिलं. ते घेऊनही त्या गेल्या नाहीत, भिंतीकडेच्या खुर्चीवर बसल्या. मला कळलं त्या कशासाठी थांबल्यात. पण हॉल काही रिकामा होणार नव्हता. एक उठला की दुसरा येत होता, शिवाय जनरेटर लागल्याचं कळल्यावर लोक मोबाइल चार्ज करायला येत होते. आणि त्याहून वाईट म्हणजे, प्राजक्ताची गोळी माझ्याकडे नव्हती. ज्या फळीवर ती असायची ती पार भिजली होती. मी हे मावशींना इतक्या लोकांत कसं सांगावं याचा विचार करत होते. त्या पदर चाळवत बसल्या होत्या. त्यांच्या घरी दोनेक दिवसांच्या गोळ्या उरल्या असतील, हे मला माहीत होतं. ही गोळी एकाएकी बंद झाली तर काय होतं, हेही.

शेवटी प्राजक्ताच उठली. मावशींनी तिचा हात धरला, तिनं तो अलगद सोडवला. स्टेजच्या पायऱ्यांपाशी येऊन तिनं मला विचारलं. हळू नाही, किराण्याच्या दुकानात विचारावं तसं. "यास्मीनताई, माझी फिटची गोळी आहे का? घरातली संपत आलीय."

हॉलमधली सगळी डोकी तिच्याकडे वळली. मावशींनी डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, "भिजली गं. पण तुला मिळेल. मी आणते." कुठून आणणार होते ते मला ठाऊक नव्हतं. लोणावळ्याचा रस्ता झाडांनी बंद होता आणि तिथल्या दुकानांतही काही वेगळी अवस्था नसणार.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक आबा उठले, गावातले मानाचे, पंचायतीत ज्यांचा शब्द चालतो असे. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मलाबी तीच लागती. लय वरसं झाली घेतोय."

त्या दोघांचंही मला माहीत होतं. दोघांना एकमेकांचं माहीत नव्हतं. इतकी वर्षं मावशी आणि आबा वेगवेगळ्या वेळी दुकान रिकामं व्हायची वाट बघत ओट्यावर बसले होते. मावशींनी डोळे उघडून आबांकडे पाहिलं. मग काय झालं कोण जाणे, हॉलमध्ये एकेक जण काय हवं ते बसल्या जागेवरून सांगायला लागला. कुणाला थायरॉइडची, कुणाला झोपेची, एका काकूंना तर केस गळतात त्याचं. बबनभाऊ उठून गाडीची किल्ली शोधायला गेले. तळेगावच्या आमच्या होलसेलवाल्याकडे माल असेल, अब्बा म्हणाले. सगळ्यांनी ठरवलं की सकाळी जायचं.

तो तळेगावचा प्रवास माझ्या आयुष्यातला सगळ्यांत सुंदर प्रवास आहे, असं म्हटलं तर माझा नवरा हल्ली हसतो, कारण नंतर त्यानं मला काश्मीर दाखवलं. पण खरंच सांगते. पाऊस थांबला होता आणि डोंगरांवरून दूधच वाहत होतं. जुन्या हायवेवर जागोजागी झाडं पडलेली, माणसं कोयते, कुऱ्हाडी घेऊन वाट मोकळी करत होती. जेसीबी एका बाजूनं येत होता, माणसं दुसऱ्या बाजूनं. आमच्या गाडीत आमच्याच गावचे तिघं मागे उभे होते, झाड आडवं आलं की उतरायचे, तोडायचे, ढकलायचे आणि पुन्हा चढायचे. गाडी सगळी निलगिरीच्या वासानं भरून गेली होती. नाक्यावर पोलिसानं अडवलं. लग्नाची गाडी, तीही टाळेबंदीत, म्हणून तो चिडलाच होता. मी माझं फार्मासिस्टचं कार्ड दाखवलं आणि सगळं सांगितलं. त्यानं ऐकून रस्त्यावर आडवा लावलेला बांबू वर केला आणि येताना डोकेदुखीचं काही आणाल का, असं विचारलं. रात्रभर रस्त्यावर उभा होता बिचारा.

होलसेलवाल्याच्याही गोदामाचा एक कोपरा भिजला होता. तो बॅटरी घेऊन आमच्याबरोबर आत फिरला. मी नावं सांगत होते, तो खोके काढत होता, बबनभाऊ गाडीत रचत होते. फिटच्या गोळ्या सापडल्या तेव्हा मी तो खोका गाडीत ठेवला नाही, मांडीवर घेतला. ओढणीत गुंडाळून. परत येताना ऊन पडलं. ओल्या रस्त्याची वाफ निघत होती. वाटेतल्या गावांमधली माणसं झेंडूच्या माळा लावलेली गाडी बघून हात हलवत होती. एका ठिकाणी झाड तोडणाऱ्यांपैकी एकानं विचारलं, कुणाचं लगीन. बबनभाऊंनी मान बाहेर काढून सांगितलं की आमच्या गावाची वरात हाय, औषधांची. आणि मग स्वतःच इतके हसले की गाडी थांबवावी लागली. लग्नसराई बुडाल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. नाक्यावर डोकेदुखीची पट्टी दिली. त्या पोलिसानं आम्हाला सलाम ठोकला.

हॉलपुढे माणसं उभी होती. प्राजक्ता कमानीखाली होती. मी खोका फोडून पट्टी तिच्या हातात दिली. कागदात गुंडाळली नाही, कारण कागदच जवळ नव्हता आणि आता त्याची गरजही नव्हती. मावशींनी आतून पाण्याचा पेला आणला. प्राजक्ता म्हणाली, आजची रात्रीची गोळी घरी आहे, ही आता नको. मावशी म्हणाल्या, "मग पानी मी पिते." आणि तो पेला त्यांनी उभ्या उभ्या रिकामा केला.

गावात वीज यायला पुढे बरेच दिवस लागले. ते सगळे दिवस आम्ही मंगल कार्यालयात होतो. जनरेटर ठरावीक वेळ चालायचा, डिझेल गावातून आळीपाळीनं यायचं. जिथं डीजेची वायर लावायची तिथं फ्रिजची लागली. भटजींच्या चौरंगावर मोबाइल चार्जिंगला लावलेले असायचे, वायरींचं जाळं, आणि एकाची रिंग वाजली की सगळे आपापला शोधायचे. लावणीचे दिवस आले तशी माणसं गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेल्या पायांनी यायची आणि बबनभाऊंच्या चकचकीत फरशीवर पायांचे ठसे उमटायचे. बबनभाऊ ते पुसू द्यायचे नाहीत. म्हणायचे, हॉल वापरात हाय हे दिसूं द्या. त्यांचं ब्लडप्रेशर त्या महिन्यात इतकं खाली आलं की मी त्यांना डॉक्टरांकडे जाऊन गोळी कमी करता येते का विचारायला सांगितलं. अम्मी सगळ्यांना काळा चहा द्यायची. पावसाचा आवाज त्या मोठ्या हॉलमध्ये वेगळाच घुमायचा, दूर कुठंतरी टाळ्या वाजत असाव्यात तसा.

दरम्यान आमचे पत्रे सापडत होते. एक ओढ्यात, एक मावशींच्या भाताच्या रोपांवर पसरलेला, एक तर शाळेच्या मैदानात गुंडाळी होऊन पडलेला. साऱ्या मावळात छपरं उडालेली, नवा पत्रा मिळत नव्हता. म्हणून लोकांनी तेच जुने पत्रे आणून ठोकून सरळ केले. आमच्या दुकानाचं छप्पर आजही नीट बघितलं तर सुरकुतलेलं दिसतं. भिंती वाळल्या, चुना लागला, रॅक परत खांद्यावरून आले. निरीक्षक साहेब स्वतः येऊन सगळं बघून गेले. वीज आली, फ्रिज गाळ्यात घुरघुरू लागला. आणि जुलैत एका सकाळी अब्बांनी शटर वर केलं.

आमच्या धंद्याचं एक आहे. आमच्याकडे कुणी बरं असताना येत नाही. दुखतंय, खुपतंय, ताप आहे, झोप नाही, म्हणूनच माणूस आमची पायरी चढतो आणि बरा झाला की आमच्याकडे पाठ फिरवतो. त्यानं तसंच करावं. पण त्या सकाळी गाव आलं. लावणी टाकून, भिजत, रांगेनं. अब्बा घाबरलेच. कसली साथ आली की काय, म्हणून पहिल्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, काही नाही झालं. दुसऱ्यालाही काही झालं नव्हतं. मग सुनंदामावशी पुढे आल्या. त्यांनी पुन्हा मांडलेल्या रॅककडे पाहिलं, छपराकडे पाहिलं.

"काय बी झालं न्हाई, चाचा. तुमी उघडलं म्हून आले. द्या काय तरी."

अब्बांची पंचाईत झाली. औषध उगाच घ्यायचं नसतं, हे ते उभं आयुष्य सगळ्यांना सांगत आले होते. तेच त्यांनी मावशींनाही सांगितलं. पण मावशी हलेनात. मागची रांगही हलेना. रिकाम्या हातानं परत जायचं नाही, असं जणू सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. अब्बा इकडेतिकडे बघायला लागले. शटरच्या आतल्या खिळ्याला पुठ्ठ्यावर लावलेले कंगवे लटकत होते, गुलाबी रंगाचे, प्लास्टिकचे. वादळानं त्यांचं काहीच बिघडलं नव्हतं. अब्बांनी एक सोडवून मावशींच्या हातात दिला.

मग सगळ्यांनी कंगवेच घेतले. आबांनी घेतला, प्राजक्तानं घेतला, त्या केस गळणाऱ्या काकूंनी तर दोन घेतले. पुठ्ठा संपला तसा मी आतून दुसरा आणला. सगळ्यांत शेवटी बबनभाऊ आले, पायांना चिखल तसाच. म्हणाले, "मलाबी एक द्या, चाचा." अब्बांनी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. त्या डोक्यावर एक केस नाही, कधीपासूनच नाही. बबनभाऊंनी कंगवा घेतला, काउंटरच्या काचेत वाकून आपलं तोंड बघितलं, कपाळापासून मानेपर्यंत एकदा नीट फिरवला, खिशात ठेवला आणि लावणीला निघून गेले.